मापात पाप नाही

रोज पहाटे साडेचारला टेबल सात बंद झालं
की मी चाक उघडतो.
रिगाच्या या जुन्या लोकरीच्या गिरणीला
आता खिडक्या नाहीत. दिवे आहेत, कॅमेरे आहेत,
आणि मागच्या कापडावर छापलेलं
कधीच न मावळणारं एक संध्याकाळचं शहर.

पाणसळ ठेवतो कडेवर.
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरतो.
सदतीस खण मऊ फडक्यानं पुसतो,
पांढरी गोळी काट्यावर तोलतो.
एकदा एकोणीसच्या खणात केस सापडला,
एवियाचा, सोनेरी, बोटभर;
दोन तास टेबल बंद ठेवलं,
अहवाल लिहिला, शिक्का मारून माल्टाला पाठवला.
सांगायचं एवढंच, की आमच्या मापात पाप नाही.

एविया कॅमेऱ्यासमोर एमा असते.
छातीवरच्या पट्टीवर तेच नाव.
नॉर्वेजियन शिकली ती अनुवादक होण्यासाठी,
आता त्याच भाषेत आकडे पुकारते.
जिंकलेल्याचं कौतुक हसून करायचं.
हरलेल्याला "पुरे आता" म्हणायचं नाही.
दोन्ही नियम एकाच कागदावर, एकाखाली एक.

वार्डोचा ओडवार रात्री दोननंतर यायचा.
तिकडे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही,
हा खेकड्यांच्या कारखान्यातून सुटून
ओल्या बोटांनी पडद्यावर लिहायचा:
एमा, तुमच्याकडे बर्फ पडला का?
तिनं या गिरणीत येऊन सात तास झालेले असायचे.
पडतोय, म्हणायची.

एका रात्री लिहिलं: खरं सांग, चाक सरळ आहे ना?
तिनं कॅमेऱ्याच्या मागे माझ्याकडे पाहिलं.
मी अंगठा वर केला.
सरळ आहे, ती म्हणाली.

त्यानंतर सोमवारी सतरा आला, आणि पुन्हा सतरा.
एक्केचाळीस हजार क्रोनर.
मुलीच्या दातांच्या तारा, लिहिलं त्यानं,
आणि बोटीला नवा पंप.
काढायला लावलेत. गुरुवारी येतील.

पैसे आत येतात डोळ्याचं पातं लवायच्या आत.
बाहेर जायला तीन दिवस.
आणि त्या तीन दिवसांत
"परत खेळात घ्या" नावाचं एक हिरवं बटण
रात्रभर टक्क जागं असतं.
त्याला पाणसळ लावायला
मला कुणी सांगितलेलं नाही.

बुधवारी तो आला. थोडेच घेतलेत परत, म्हणाला.
मग बर्फाचं विचारेनासा झाला.
मग काहीच लिहीनासा झाला,
फक्त त्याच्या नावापुढचे आकडे
येत राहिले, जात राहिले,
पहाटे चारला गोळी बत्तीस आणि सव्वीसच्या मध्ये निजली.
शून्य, एमा म्हणाली, जसं शिकवलंय तसं,
किंचित हसून.

कुणी फसवलं नाही त्याला. हेच तर.
छत्तीस आकड्यांचा हिशेब देणारं हे दुकान,
सदतिसावा खण हिरव्या रंगात सर्वांदेखत मांडलेला.
नियमांच्या पानावर सारं लिहिलंय,
बारीक अक्षरांत, पण लिहिलंय.

त्या पहाटे मी खिशातली ट्रामची पावती काढली,
चार घड्या घातल्या.
टेबलाच्या पायाखाली सरकवली असती
तर बुडबुडा केसभर डावीकडे गेला असता,
आणि एवियाला एखाद्या रात्री
कुणालातरी सांगता आलं असतं
नाही, सरळ नाही, जा, झोप.

पावती अजून खिशात आहे.
एविया आता एका दवाखान्यात फोन घेते.
नव्या मुलीच्या पट्टीवरही एमाच आहे, पट्टी जुनीच चालली.

बुडबुडा मधोमध.
तारीख घालतो, वेळ घालतो,
सही करतो.